नावाड्याच्या बायकोकडे काय ठेवलं?

त्या दिवशी आमच्या गावातल्या अकरा माणसांच्या पोटात भलतंच औषध गेलं. ते ओतणारा हात वीरुपाक्षअप्पा कंपाउंडरचा होता, पण चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो. पुढं अप्पांची गंमत सांगताना मला शहाणपणाचा आव आणायची हुक्की येईल, तेव्हा वाचणाऱ्यानं ही ओळ आठवावी.

गाव जिंतूरच्या अलीकडं, परभणीच्या सडकेला. नाव सांगत नाही, कारण त्या अकरांतले बरेचजण अजून धडधाकट आहेत आणि त्यांची पोरं आता वाचायला शिकलीत. साल निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पन्नास, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीस संपत आलेलं. मी नुकताच परभणीहून मॅट्रिक होऊन आलो होतो, तिसऱ्या वर्गात. घरात मराठी, शाळेत सगळे विषय उर्दूत, आणि वर जोखड म्हणून इंग्रजी. चुलत्यांच्या वशिल्यानं सरकारी दवाखान्यात रोग्यांचं रजिस्टर लिहायला उमेदवार म्हणून चिकटलो. उमेदवार म्हणजे काम सगळं, पगार नाही, आणि रुबाब मात्र कायम नोकरीवाल्याचा.

कार्तिकात अप्पा चार दिवस कपिलधारच्या यात्रेला गेले. डॉक्टर दिनकररावही दौऱ्यावर. दवाखान्यात मी आणि झाडणारा लिंबाजी. मला बसवेना. औषधांच्या फळ्यांकडं बघितलं तर सगळा अंदाधुंद कारभार: खोकल्याची बाटली जुलाबाच्या शेजारी, त्याच्यापलीकडं तापाची, लेबलं तेलानं पिवळी पडलेली, काहींवरची तर अक्षरंच उडालेली. मी सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या, पुसल्या, वळणदार इंग्रजीत नवी लेबलं लिहिली, आणि डिक्शनरीत शब्द असतात तशा ए पासून ओळीनं लावल्या. लिंबाजी म्हणाला, "बन्सीधरराव, अप्पास्नी इचारून करायचं होतं." मी म्हणालो, "अप्पा आले की बघतच राहतील."

जहराचं कपाट तेवढं राहिलं. त्याची किल्ली डॉक्टरसाहेब जानव्याला बांधून फिरत. ती किल्ली त्या दिवशी माझ्या हाती असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो, कुठंतरी खडी फोडत बसलो असतो.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेब दौऱ्यावरून परतले आणि अप्पाही आले. कपाळभर भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करडी म्हणजे डबी, हातात प्रसादाची पुडी. चार दिवसांचे रोगी तुंबलेले. डॉक्टरसाहेब आतल्या खोलीत बसत आणि खिडकीतून ओरडत, "अप्पा, खोकला!" की अप्पांचा हात मागं न बघता दुसऱ्या फळीवर जाई, तिसरी बाटली उचली, आणि रोग्यानं घरून आणलेल्या बाटलीत बरोबर खुणेपर्यंत धार सोडी. "अप्पा, मोडशी!" पहिली फळी, शेवटची. "अप्पा, ताप!" मी कौतुकानं बघत होतो. नव्या लेबलांबद्दल ते काही बोलले नाहीत, एवढंच जरा मनाला लागलं.

दुपारी गिरदावर व्यंकटरावांचा शिपाई धावत आला. गिरदावर म्हणजे महसुलाचा हाकिम, चावडीत त्या दिवशी शेतसाऱ्याच्या तक्रारी ऐकायला बसलेला. त्यांना सकाळी खोकल्याचं औषध गेलं होतं. माझ्या डिक्शनरीनं खोकल्याच्या जागी जुलाबाचं पांढरं मिश्रण आणून ठेवलं होतं. हाकिमसाहेब सात वेळा चावडीतून उठून नाल्याकडं गेले आणि सात तक्रारींना पुढची तारीख पडली. आठव्या वेळी ते चावडीत न परतता थेट दवाखान्यात आले.

डॉक्टरसाहेबांनी बाटल्या बघितल्या. मग एक बाटली काढून अप्पांपुढं धरली. "अप्पा, हे वाचा."

अप्पा उभे. त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडाकडं धरली.

"वाचा म्हणतो."

"न्हाई येत, साहेब."

"बावीस वर्षं?" डॉक्टरसाहेबांना खुर्चीवर बसावं लागलं.

"बावीस वर्सांत बाटली हलली न्हवती, साहेब," अप्पा म्हणाले. आवाज खाली होता, पण तक्रारीचा नव्हता.

मग माझं तोंड उघडलं आणि मी सगळं कबूल केलं. व्यंकटराव म्हणाले, "पोरगं परवा आलंय. मला ह्या बावीस वर्षांचं बोला." आणि ते पुन्हा घाईनं नाल्याकडं गेले.

अप्पांचं खरं असं होतं. इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा ते सोळा वर्षांचे, दवाखान्यात पाणी भरायला होते. साथीत कंपाउंडर गेला, त्याची बायको गेली, आणि त्या वेळच्या डॉक्टरनं समोर उभ्या असलेल्या पोराला औषधं ओतायला लावलं. पोरानं जागा पाठ केल्या. साथ ओसरली, पोरगा राहिला. कागदावर हंगामी कंपाउंडर. तो हंगाम बावीस वर्षं चालला. पाच डॉक्टर आले नि गेले. अप्पांना उर्दू येत होतं, मोडी येत होती, कन्नड वचनं तर झोपेतसुद्धा म्हणत. इंग्रजी मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

पंधरा दिवसांत परभणीहून उर्दू हुकूम आला. कंपाउंडर वीरुपाक्ष यानं खुर्दाद महिन्यात, म्हणजे एप्रिलात, बडे डॉक्टरसाहेबांपुढं हजर होऊन इंग्रजी उतारा वाचावा आणि त्यावरच्या पाच सवालांचे लेखी जवाब द्यावेत. तीन बरोबर आले तर कायम. नाही आले तर बरतरफ. जागेसाठी गिरदावरांचा भाचा माणिकराव हैदराबादेहून कंपाउंडरी शिकून तयारच बसला होता, आणि त्यालाही त्याच दिवशी बोलावलं होतं.

हुकूम मीच वाचून दाखवला. अप्पांनी तो माझ्या हातून घेतला, स्वतः पुन्हा एकदा वाचला, घडी केली.

"बन्सीमास्तर," ते म्हणाले. मला मास्तर म्हणणारे ते पहिले, आणि त्यात टोमणा किती नि आदर किती हे मला अजून कळलेलं नाही. "बाटल्या तुमी हलवल्याव. आता मलाबी हलवा."

अक्षरं त्यांनी आठ दिवसांत उचलली, बाटल्यांवरूनच. पण बाटलीवरचं नाव वाचणं वेगळं आणि उतारा वाचून सवालाचा जवाब देणं वेगळं. त्याला पुस्तक पाहिजे. माझी शाळेची पुस्तकं मी मॅट्रिकच्या निकालादिवशीच आनंदानं विकून टाकली होती. अप्पा म्हणाले, "इंग्रजी किताब हाय माज्याकडं. चिनीदादाची."

दोन उन्हाळ्यांमागं सायकलवर रेशमाचं गाठोडं बांधून एक चिनी फेरीवाला आमच्या भागात यायचा. त्याचं नाव कुणाच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून तो चिनीदादा. तो हिवतापानं आमच्या दवाखान्यात बारा दिवस पडून होता. अप्पांनी त्याला क्विनाइन पाजलं, सिद्धम्मा म्हणजे अप्पांच्या बायकोनं ज्वारीची आंबील. जाताना तो एक पुस्तक ठेवून गेला. "रखो. मैं आता," म्हणाला. आला नाही. तिकडं त्यांच्या मुलखात लढाई, पुढं इकडंही लढाई.

पुस्तक शांघायला छापलेलं. चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी उतारे वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायचा सराव व्हावा म्हणून. प्रत्येक धड्यात एक उतारा, खाली चार-पाच प्रश्न, बाजूला चिनी अक्षरांत कठीण शब्दांचे अर्थ, आणि सगळ्यात शेवटी सगळ्या धड्यांची उत्तरं. मी उघडलं तर पहिल्या आठ धड्यांची पानं गायब.

"अप्पा, सुरुवात कुठंय?"

"सुरवात हाय की." त्यांनी पुस्तक उजवीकडून उघडून दाखवलं, उर्दू किताब उघडावी तसं. "हे बगा. शेवटची पानं तेवढी फाडली मी. लढाईमुळं रद्दी मिळंना, पुड्या बांदायला कागद न्हवता. म्हटलं, शेवटपतूर कोण वाचतंय?"

त्यांच्या दृष्टीनं जो शेवट, तीच खरी सुरुवात. सोपे आठ धडे सोड्याच्या आणि सुंठीच्या पुड्या होऊन गावभर गेले होते. राहिले ते कठीण धडे, आणि मागची सगळी उत्तरं. म्हणजे पहिल्या आठ धड्यांची आमच्याकडं फक्त उत्तरं होती. गोष्ट नाही, प्रश्न नाही.

कठीण धड्यांना हात घालायची आम्हा दोघांचीही छाती नव्हती. म्हणून आम्ही उत्तरांपासून सुरुवात केली. जगात कुठल्याही शाळेत असा अभ्यास झाला नसेल.

आता अप्पांना शिकवणं म्हणजे काय ते सांगतो. माणूस बसत नसे. दवाखान्यात बावीस वर्षं उभं राहून त्यांच्या पायांना खुर्ची हा प्रकार ठाऊकच नव्हता. चटईवर बसवलं की गुडघा हलायला लागे, मग बोटं, मग डोळे दाराकडं. खरं तर त्या औषधाच्या दिवसापासून त्यांचं सगळंच हललं होतं. दवाखाना बंद करून घराकडं निघाले की पिंपळापासून परत फिरत, कुलूप ओढून बघत, पुन्हा पिंपळापर्यंत जात, पुन्हा फिरत, असं तीनदा. प्रत्येक बाटलीचा वास घेत. रोग्याला औषध दिल्यावर दारापर्यंत त्याच्या मागं जाऊन विचारत, "काय दिलं मी तुला?" रोगी बिचारा म्हणे, "मला काय म्हाईत, अप्पा? तुमीच दिलाव." तेवढ्यावर त्यांचा चेहरा उतरे.

एकदा मला म्हणाले, "ते जहराचं कपाट उगडं असतं तर, मास्तर?"

"नव्हतं ना."

"असतं तर?"

मी पुस्तक उघडून पुढचं उत्तर वाचायला घेतलं.

सबंध दिवसात ते फक्त एकदा निश्चल असत. पहाटे आंघोळीनंतर डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसत तेव्हा. तेवढा वेळ माशी नाकावर बसली तरी हलत नसत. मी एकदा म्हणालोही, "पुस्तक तसंच हातात धरा की." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी खलबत्त्यावर तोडगा निघाला. अप्पा सुंठ कुटत, मी पुस्तक धरून उत्तर वाची, ते ठेक्यात म्हणत. सिद्धम्मा आतून टोमणा मारी, "कुटा, कुटा. सुंठीला तरी इंग्रजी येऊ द्या."

"दुसरा धडा, पहिलं उत्तर," मी म्हणे. "कारण तो चुलत्याला भीत होता."

अप्पांचा बत्ता थांबे. "कोण?"

"ते गोष्टीत असेल. गोष्ट नाही आपल्याकडं."

"मग सवाल काय असंल?"

"असेल, की पोरगा घरातून का पळाला."

"न्हाईतर पोरगा घरात का बसला." पुन्हा बत्ता. "चुलत्याला भिऊन माणूस दोनी करतो."

हा खेळ त्यांना जमला. माझ्यापेक्षा जमला. कारण विचारलं तर म्हणाले, "रोगी येतो तवा जवाबच घेऊन येतो, मास्तर. पोट दुखतंय, हा जवाब. सवाल आपण हुडकायचा: काल काय खाल्लंस? आमचं काम कायमच उलट्या बाजूनं."

माझी मात्र वेगळीच हौस. मी उत्तरांना जोडून स्वतः गोष्टी रचून सांगायला लागलो. त्यात वाघ, दरोडेखोर, एक चिनी राजकन्यासुद्धा घातली. अप्पा बत्ता उचलून धरत आणि विचारत, "हे लिवलंय, का तुमी घातलाव?"

"घातलं."

"मग काडा भायेर. बाटलीत जेवडं हाय तेवडंच रोग्याला."

पाचव्या धड्यावर आम्ही जे अडलो ते अडलोच. त्याची चार उत्तरं होती. एक: तीन दिवस. दोन: नदीला पूर होता म्हणून. तीन: त्यानं ते नावाड्याच्या बायकोकडे ठेवलं. चार: नाही, ती विसरली नाही.

"काय ठेवलं?" अप्पा म्हणाले.

"माहीत नाही."

"पोर असंल?"

"असेल."

"पोर ठेवून जातंय का कुनी? गठुडं असंल. किताब असंल." ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "ती इसरली न्हाई म्हंजे तो परत आला नसंल लौकर. आला असता तर इसरायचा सवाल कशाला निगतो?"

त्यांना ती बाई सोडवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात शिरल्याबरोबर, वहाणा काढायच्या आत: "मास्तर, त्या बाईकडं काय ठेवलं?" शेवटी त्यांनी पानंच शोधायचं ठरवलं. सिद्धम्माला कुठल्या घरी कुठली पुडी गेली हे बाळंतपणाच्या तारखांसारखं पाठ होतं. बाजारच्या दिवशी अप्पा निघत, रोग्यांच्या घरी जाऊन विचारत, "बरं वाटायलंय का? आन् पुडीचा कागद ठिवला का?" लोकांना वाटलं, सरकारनं आता कागदही परत मागायला सुरुवात केली. काहींनी भिऊन भलतेच कागद काढून दिले. एकानं तर शेतसाऱ्याची पावती दिली.

तीन पानं मिळाली. तिसऱ्या धड्याचं पान त्या अकरांतल्या कमलबाईंच्या देव्हाऱ्यामागं चिकटवलेलं, कारण त्यावर बैलाचं चित्र होतं. ते उकरताना कमलबाई म्हणाल्या, "अप्पा, ते न्या, पर त्या दिवशीचं पांढरं औषद पुन्यांदा द्या. खोकला तसाच हाय, पर अंग कसं हलकं झालतं." अप्पांचा चेहरा असा झाला, जणू तिनं शिवी दिली. तिला तिथंच बसवून त्यांनी पाव तास खोकल्याची चौकशी केली.

पाचव्या धड्याची पुडी चारठाण्याच्या एका गाडीवानाला गेली होती. अप्पा चारठाण्याला जाऊन आले, पायी. गाडीवानाच्या म्हातारीनं तो कागद चूल पेटवायला वापरला होता.

"जळाला," परत आल्यावर ते एवढंच म्हणाले.

मला ते बघवेना. मी म्हणालो, "अप्पा, परभणीत माझ्या जुन्या मास्तरांकडं असली पुस्तकं असतात. कुणाकडं तरी ही गोष्ट असेल. विचारून सांगतो."

"नक्की?"

"नक्की. माझ्याकडं लागलं."

माघ संपेपर्यंत आम्ही उत्तरांतून बाहेर पडून खऱ्या उताऱ्यांना लागलो. तिथं आम्हाला वर्गबंधू मिळाला. चिनीदादानं प्रत्येक प्रश्नाखाली शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात आपलं उत्तर लिहिलं होतं, आणि मागं ताडून बघून चूक तिथं एक छोटा गोल काढला होता. गोल बरेच होते. रेशीम विकून, ताप अंगात घेऊन, कुठल्या कुठल्या धर्मशाळांत हा माणूस चिमणीपुढं बसून हेच करत होता.

अप्पांना त्याचं फार वाटे. स्वतःचं उत्तर झालं की आधी विचारत, "चिनीदादाचं काय हाय?"

"त्याचं चुकलंय."

"मग माजंबी चुकू द्या. त्यो शिकला, मी कोन?" आणि स्वतःचं बरोबर आलं की मात्र हसू लपत नसे. "दादाला सांगायला पायजे व्हतं."

खुर्दादात ऊन असं, की सडकेचं डांबर टायरला चिकटून यायचं. सर्विस मोटारीत अप्पा मागं उभेच राहिले, जागा असून. सिद्धम्मानं भाकरी बांधून दिली होती, ती त्यांनी परभणीपर्यंत या हातातून त्या हातात घेतली. कंडक्टर म्हणाला, "अप्पा, टिकिट बसायचं घेतलाव ना?" ते म्हणाले, "बसायचं तितं बसायचंय."

बड्या डॉक्टरसाहेबांच्या ओसरीवर पाच उमेदवार होते. माणिकराव पांढऱ्या शुभ्र शेरवानीत, खिशाला दोन फाउंटन पेनं. त्यानं अप्पांकडं बघून मला विचारलं, "ह्यांना कुणाला दाखवायला आणलंय? आजारी आहेत?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या मामांनाच मागं औषध दिलं होतं ह्यांनी." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

टाइप केलेला एकेक कागद वाटला गेला. मी खिडकीबाहेर. साहेब म्हणाले, "बैठिए." अप्पा बसले. गुडघा हलायला लागला. मग बोटं टेबलावर, खलबत्त्याच्या ठेक्यात. साहेबांनी वर बघितलं. बोटं थांबली, आणि अप्पांचे डोळे दाराकडं वळले. मला वाटलं, झालं. आता हे उठणार, पिंपळापर्यंत जाणार.

मग त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून, रिकामा. त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. आणि माणूस थांबला. गुडघा, बोटं, मान, सगळं. उजव्या हातानं कागद ओढून ते वाचायला लागले, ओठ हलवत, हळूहळू. बाकीचे चौघे उठून बाहेर आले तरी ते तसेच होते. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकून त्यांच्या मनगटावर आली, तरी तळवा तसाच.

उतारा बर्फात अडकलेल्या धनगराचा होता, असं माणिकराव बाहेर सांगत होता. "सोपा. पाचवा सवाल तेवढा जरा चावट. मेंढ्या किती परत आल्या? मी शंभर लिहिल्या." दुसऱ्यानं चाळीस लिहिल्या होत्या. तिसऱ्यानं सगळ्या. त्यांचा वाद पेटला. अप्पांच्या लक्षात आकडा राहिला असेल का?

शेवटी साहेबांनीच कागद ओढून घेतला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "यह क्या लिखा है?"

अप्पा उभे राहून म्हणाले, "साब, यहां लिखा नहीं."

पाचव्या प्रश्नापुढं मोठ्या, बाटलीवरच्या लेबलांसारख्या अक्षरांत दोनच ओळी होत्या. इथं लिहिलेलं नाही. धनगराला विचारावं.

साहेबांनी उतारा वरून खाली वाचला. पुन्हा वाचला. मग वंगण नसलेल्या चाकासारखी कर्कश हाक मारून टाइपबाबूला बोलावलं. टाइपबाबूनं मूळ पुस्तक आणलं. मधली एक ओळ टाइप करताना राहून गेली होती. मेंढ्या त्या ओळीत होत्या.

आता कुणाला वाटेल की साहेब खुर्चीवरून उठले, अप्पांच्या पाठीवर हात ठेवला. तसं काही झालं नाही. साहेब टाइपबाबूवर इतके भडकले, की पाच मिनिटं अप्पा तिथं आहेत हेच विसरले. मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून लाल पेन्सिलीनं फुली मारली, चौथ्यालाही मारली, पहिल्याला आणि तिसऱ्याला खूण केली. पाचव्यावर पेन्सिल थांबली. मी खिडकीच्या गजाला धरून होतो. साहेबांनी टाइपबाबूकडं एकदा जळजळीत बघितलं आणि खूण केली. तीन. खाली उर्दूत शेरा लिहिला: कामयाब, मगर पढ़ने में सुस्त.

परतीच्या मोटारीत अप्पा बसले. भाकरी सोडली, अर्धी मला दिली.

"सुस्त म्हणाले साहेब," मी चिडवलं.

"खरंच हाय. लौकर वाचलं असतं तर मेंढ्या मीबी घातल्या असत्या. तुमच्यासारख्या." चार घास झाल्यावर म्हणाले, "मास्तरांना इचारलाव का?"

मी विसरलो होतो. परभणीत सबंध दिवस होतो, शाळा चार फर्लांगांवर होती, आणि मी विसरलो होतो. "सुट्टी होती," मी म्हणालो. ते खोटं होतं.

अप्पा कायम झाले. माणिकरावाला पुढं दुसरीकडं कुठंतरी जागा मिळाली. मला वाटलं, आता ह्यांचं चित्त जागेवर येईल. दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात गेलो तर बाटल्या पुन्हा खाली उतरवलेल्या.

"कुणी काढल्या?"

"मी." अप्पा बुचं पुसत होते. "दर बाजारी जागा बदलनार. हात आपल्या आपण जायला नको."

आणि खरंच, दर बाजारच्या दिवशी सकाळी ते सगळ्या बाटल्या उलटसुलट लावून ठेवत. मग आठवडाभर प्रत्येक बाटली उचलताना थांबत, नाव वाचत, ओठ हलवून, आणि मगच धार सोडत. रांग लांबे. लोक शिव्या घालत. डॉक्टरसाहेब आतून ओरडत, "अप्पा, खोकला! आज मिळेल का?" अप्पा म्हणत, "वाचायलोय, साहेब." रोग्याच्या मागं दारापर्यंत जायचं मात्र बंद झालं. पिंपळापासून परत फिरायचं बंद झालं नाही. ते तीनवरून एकावर आलं.

चिनीदादाचं पुस्तक त्यांनी जहराच्या कपाटात ठेवलं. डॉक्टरसाहेबांना सांगून, वरच्या कप्प्यात, लाल कापडात. "त्यो आला की द्यायचंय," म्हणाले. "पानं गेलीत, त्याचं काय सांगू, ते इचार करतोय."

मी दोन वर्षांत परभणीला प्राथमिक शाळेवर लागलो. गेल्या काही महिन्यांत, ह्या एकोणीसशे अठ्ठेचाळीसात, मुलखात काय काय चाललंय ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे. वाटा धड नाहीत, मोटारी धड नाहीत. तरी परवा लिंबाजी काही कामानं आला होता. म्हणाला, अप्पांनी निरोप दिलाय. बाटल्या ठीक. सिद्धम्मा ठीक. चिनीदादा आला नाही. आणि एक सवाल विचारलाय, तो तुम्हाला कळंल म्हणाले.

मला कळला. आता माझ्या शाळेत इंग्रजी पुस्तकांचं एक अख्खं कपाट आहे आणि त्याची किल्ली माझ्याचकडं असते. नावाड्याच्या बायकोची गोष्ट त्यात आहे का, हे बघायला एक दुपार पुरेल. गेली पाच वर्षं ती दुपार मी उद्यावर ढकलतोय. कधी वाटतं, काहीतरी चांगलंसं रचून कळवावं. पण अप्पा तिकडून विचारतील, हे लिवलंय का तुमी घातलाव.

लिंबाजीला मी म्हणालो, "सांग त्यांना, येत्या बाजारापर्यंत कळवतो."